मेजावरचें बंदर

आगगाडीचें खेळणें घरांत येतें तें मुलासाठीं. परंतु रूळ जोडण्याचें काम वडिलांच्या वांट्यास येतें, आणि एकदां तें त्यांच्या हातीं गेलें म्हणजे बहुधा परत मुलाच्या हातीं येत नाहीं. मूल कंटाळून गोट्या खेळावयास जातें. वडील मात्र जमिनीवर बसून इंजिनाचीं चाकें पुसत राहतात. कांहीं महिने गाडी मेजाभोंवतीं गोल फिरते, पुठ्ठ्याच्या बोगद्यांत शिरते, बाहेर येते. मग एके दिवशीं मनांत प्रश्न उभा राहतो, कीं ही गाडी जाते तरी कोठें? हिच्या वाघिणींत आहे तरी काय? या प्रश्नाचें उत्तर जो शोधूं लागला, त्याचा खेळ संपून अभ्यास सुरू झाला असें समजण्यास हरकत नाहीं.

युरोप-अमेरिकेंत कित्येक जाणते छंदी काल्पनिक गांव सोडून एखाद्या खऱ्या ठिकाणाची प्रतिकृति करावयास घेतात, आणि त्यांतही बंदराकडे त्यांचा ओढा विशेष असतो. कारण सरळ आहे. मुख्य मार्गावरची गाडी शेंकडों मैल धांवते. ती खोलींत कशी मावणार? बंदरांत मात्र गाडीला समुद्रापाशीं थांबावेंच लागतें. तेथें वळणें तीव्र, इंजिनें लहान, वेग मुंगीचा आणि काम भरपूर. चार वाघिणी इकडून काढून तिकडे लावावयाच्या म्हटलें तरी सांधेवाल्याला घाम फुटतो. शिवाय गुदामें, याऱ्या, जहाजें आणि माणसें यांची गर्दी एकाच ठिकाणीं मिळते, ती वेगळीच.

समजा, दादरच्या एका गृहस्थानें मुंबई बंदर निवडलें. मुंबईकराला दुसरें बंदर सुचेल कशाला? पण निवडल्याबरोबर त्याच्यापुढें पहिला प्रश्न येतो, तो मापाचा. एका फुटास चार मिलिमीटर हें प्रमाण या छंदांत बरेंच रूढ आहे. म्हणजे खऱ्या वस्तूचा सुमारें शहात्तरावा भाग. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत बंदराच्या रेल्वेची लांबी सुमारें सात मैल. या प्रमाणानें ती भरते एकशें अठ्ठेचाळीस मीटर! दादरच्या दोन खोल्यांचा संसार बाजूला सारला तरी बारा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी एक फळीच काय ती भिंतीलगत बसेल. आणि तेवढ्या फळीवर खऱ्या जगांतील केवळ नऊशें चौदा फूट मावतात. १९१४ सालीं खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा गोदीच्या प्रवेशद्वाराचा जलपाश, म्हणजे दोन दरवाजांमधला पाण्याचा चौक, एकटाच साडेसातशें फूट लांब आहे. तो मांडला कीं उरलेल्या बंदराला जागाच नाहीं.

रुळांचीही तीच अडचण. हिंदुस्थानचा रुंद मार्ग साडेपांच फुटांचा. चार मिलिमीटरच्या प्रमाणांत तो बावीस मिलिमीटर व्हावयास पाहिजे. बाजारांत मिळणारे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे. त्यांवर चालविलेली गाडी परदेशी दिसते; डबा रुळांबाहेर ओसंडल्यासारखा वाटतो. ज्याला हें खटकत नाहीं त्यानें सुखानें तयार रूळ घ्यावे. ज्याला खटकतें त्यानें एकेक स्लीपर कापून हातानें मार्ग घालावा. दोघांनीं एकमेकांस हंसूं नये एवढेंच.

तेव्हां सबंध बंदर सोडून त्याचा एक कोपरा निवडणें भाग पडतें. पण कोणता कोपरा, हें कळण्यासाठीं सबंध बंदर समजून घ्यावें लागतें, आणि येथेंच खरें संशोधन सुरू होतें.

मुंबईचा किनारा हा एका ठिकाणीं स्थिर राहिलेला किनारा नव्हे. गोविंद नारायण माडगांवकरांनीं १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलें, तेव्हां आजच्या गोद्यांपैकीं एकही नव्हती. होते ते बंदर म्हणून ओळखले जाणारे लहान लहान धक्के, आणि मोठ्या जहाजांवरील माल पडावांतून व मचव्यांतून त्यांवर उतरे. १८७३ त पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ त कुलाब्यास ससून गोदी झाली, १८८० त प्रिन्सेस गोदी झाली, मग तिच्या शेजारीं व्हिक्टोरिया आणि दक्षिणेस अलेक्झांड्रा. प्रत्येक गोदीबरोबर समुद्र मागें हटला व जमीन पुढें सरकली. रेल्वे आली ती सर्वांत शेवटीं: बंदराची स्वतःची रेल्वे १ जानेवारी १९१५ रोजीं सुरू झाली आणि वडाळ्याच्या यार्डांत ती जी. आय. पी. व बी. बी. सी. आय. या दोन्ही मोठ्या रेल्वेंना जोडली गेली. म्हणून एखाद्यानें १९१० चें बंदर मांडून त्यांत बंदराच्या रेल्वेचें इंजिन फिरविलें, तर जाणता पाहुणा चहा पितां पितां ती चूक सांगितल्यावांचून राहणार नाहीं.

यावरून साल ठरविणें किती महत्त्वाचें आहे हें ध्यानीं येईल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली. त्या दिवसाआधींचें दृश्य असेल तर मागच्या पडद्यावर विजेच्या तारा नकोत. नंतरचें असेल तर हव्यात. १९२८ त सुरू झालेली फ्रॉंटिअर मेल विलायतेच्या डाकबोटीशीं सांधलेली होती. बोटीचे उतारू व टपाल घेऊन ती बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनांतून सुटे आणि पेशावरपर्यंत जाई. ती गाडी पाहिजे असेल तर १९२८ च्या पुढें यावें लागतें. आणि १९७२ नंतरचें साल घेतलें, तर अलेक्झांड्रा गोदीच्या फाटकावर इंदिरा गोदी असें नांव रंगवावें लागतें.

साधनें कोठें मिळतात? वाटतात त्याहून अधिक ठिकाणीं. १९०९-१० सालीं निघालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटियरमध्यें बंदराची हकीकत आहे. पोर्ट ट्रस्टचे वार्षिक अहवाल, अभिलेखागारांतील पत्रव्यवहार, टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसचे दप्तर, असा तो विस्तार आहे. पण सापडलेला प्रत्येक कागद आपापल्या परीनें फसवितो. नकाशावर छापलेलें साल हें छपाईचें असतें. पाहणी त्याच्या कित्येक वर्षें आधींची असूं शकते. अभियंत्याच्या आराखड्यांत जे रूळ दिसतात त्यांतील कांहीं योजलेले असतात, घातलेले नसतात. आणि कागदावर दोहोंची रेघ सारखीच ठसठशीत. दर्यावर्दी लोकांचा नकाशा पाण्याची खोली डोळ्यांत तेल घालून सांगतो; परंतु धक्क्यावर रूळ तीन कीं चार याविषयीं तो पूर्ण उदासीन, कारण जहाजाला त्याचें काय?

छायाचित्रांची गोष्ट आणखी गमतीची. कॅमेरा घेऊन बंदरावर गेलेला मनुष्य जहाजाचें चित्र काढतो, साहेबांच्या स्वागताचें काढतो, हत्ती यारीला टांगला असेल तर त्याचें अवश्य काढतो. शेडीच्या मागच्या बाजूचें, जेथें वाघिणी उभ्या असत त्या बाजूचें, कोणी काढीत नाहीं. तेव्हां छंदी मनुष्याला चित्राच्या कडेला पाहण्याची संवय लावून घ्यावी लागते. साहेबाच्या टोपीमागें सांध्याचा एक दांडा दिसतो, तो शंभर भाषणांहून मोलाचा. चित्रांत रूळ दिसत असले तर आणखी एक सोय असते. दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट हें ठाऊकच आहे. त्या मापानें, तितक्याच अंतरावर उभ्या असलेल्या दाराची रुंदी वा यारीच्या पायथ्याची जाडी काढतां येते. भिंतीची उंची मोजावयाची तर विटांचे थर मोजावे. हें काम कंटाळवाणें आहे, पण एका भिंतीवर दोन संध्याकाळी घालविल्या म्हणजे ती भिंत जन्मांत विसरत नाहीं.

प्रत्यक्ष जागीं जाऊन मापें घ्यावीं, असें कोणी म्हणेल. परंतु गोदीच्या फाटकांतून परवान्यावांचून प्रवेश नाहीं, आणि हातांत कॅमेरा दिसला तर नाहींच नाहीं. बाहेरून जितकें दिसतें तितकें पाहावें. बॅलार्ड इस्टेटीच्या इमारती आहेत, रे रोडच्या बाजूच्या वखारी आहेत, कॉटन ग्रीनला कापूस बाजाराची इमारत आहे. यांतून दगडाचा रंग मिळतो, आणि रंग ही गोष्ट जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रांतून मिळत नाहीं.

पण मापें आणि रंग मिळाले म्हणजे बंदर मिळालें असें नाहीं. तेथें काम कसें चाले, हें कळलें पाहिजे. आणि पुष्कळ सुंदर प्रतिकृति येथेंच फसतात. बहुतेकांची कल्पना अशी, कीं गाडी थेट धक्क्यावर येते, यारी वाघिणींतील माल उचलते आणि जहाजांत ठेवते. दिसावयास हें छान दिसतें. हिशेब मात्र निराळें सांगतो. आठ हजार टन माल घेणारें जहाज भरावयाचें तर वीस टनांच्या चारशें वाघिणी लागतात. मेजावर एकेक वाघीण चार इंचांची धरली तरी ती रांग सव्वाशें फुटांहून लांब होते. जहाज दिवसाचें भाडें खात उभें राहतें, त्याला घाई असते. वाघिणी वऱ्हाड-खानदेशाकडून जशा येतील तशा येतात, कधीं दहा, कधीं पन्नास, कधीं एकही नाहीं. या दोघांची गांठ घालावयाची कोणी? ती घालते शेड.

रुईच्या एका गांठीचा प्रवास पाहावा. मुलुखांतून ती वडाळ्यास येते. तेथें मोठ्या रेल्वेचें इंजिन बाजूला होतें आणि बंदराचें इंजिन वाघिणी निवडूं लागतें. गांठ जाते शिवडीच्या बाजूच्या कापसाच्या गुदामांत, आणि तेथें गिऱ्हाईक मिळेपर्यंत पडून राहते. सौदा झाल्यावर ती पुन्हा निघते. कधीं वाघिणींतून, कधीं बैलगाडीवर, पुढें मोटारीवर. गोदीच्या शेडींत ती हमालांच्या पाठीवरून शिरते, दुसऱ्या बाजूनें बाहेर पडते, आणि तेव्हां कुठें यारीच्या आंकड्याला लागते. गाडी एका दाराशीं, जहाज दुसऱ्या दाराशीं, आणि मधें अंधार, धूळ, कारकून व माणसें. गाडी व जहाज यांची भेट पुष्कळदां होतच नाहीं.

हें एकदां उमगलें कीं बारा फुटांच्या फळीचें कोडें आपोआप सुटतें. फळीच्या पुढच्या कडेला पाणी. त्यावर जहाजाचा केवळ पाण्यावरचा भाग, तोही पूर्ण नव्हे, कारण सव्वाचारशें-साडेचारशें फुटांचें मालवाहू जहाज मेजावर पावणेसहा फूट जागा अडवितें. त्याच्यामागें धक्का आणि याऱ्या, मधें लांबच लांब शेड, आणि शेडीच्या पाठीमागें तीन रूळ व आठ-दहा वाघिणी. चारशें वाघिणी दाखविण्याची गरज नाहीं. आठ गेल्या, आठ आल्या; बाकीचा माल शेडीच्या दाराआड आहे, आणि खऱ्या बंदरांतही तो तेथेंच असे. जागेच्या अडचणीमुळें केलेली काटछांट येथें खोटी ठरत नाहीं. ज्यानें शेड गाळून गाडी जहाजाच्या कुशींत नेली, त्यानें मात्र बंदर गाळलें.

आतां साल. येथें मुंबईच्या बंदराची प्रतिकृति करणाऱ्याला एका तारखेपाशीं थबकावेंच लागतें. १२ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज व्हिक्टोरिया गोदींत पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागलें. पोटांत सुमारें चौदाशें टन स्फोटकें, सोन्याच्या विटा, आणि कराचीस चढविलेल्या रुईच्या गांठी. १४ तारखेस दुपारीं आग दिसली. पाण्याचा मारा झाला, परंतु आगीचें मूळ सांपडलें नाहीं. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. ‘जलपद्म’ नांवाचें जहाज उचललें जाऊन शेडीवर आदळलें. शेंकडों माणसें गेलीं. त्यांत आग विझवितांना गेलेले ६६ अग्निशामक होते, आणि १४ एप्रिलला त्यांचें स्मरण आजही करण्यांत येतें. वर ज्या शेडीचा हिशेब मांडला, तसल्या शेडी, त्यांतील माल आणि माणसें, आणि पलीकडची वस्ती, हें सर्व त्या एका दुपारीं जळालें.

युद्धाचे दिवस असल्यामुळें बातमीवर बंदी होती. जगाला सविस्तर वृत्त प्रथम ऐकूं आलें तें जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव रेडिओवरून, १५ एप्रिलला. मुंबईच्या वार्ताहरांना आपली हकीकत बाहेर पाठविण्याची मोकळीक मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत मिळाली. ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. संशोधकाच्या दृष्टीनें याचा परिणाम असा, कीं युद्धकाळांतील गोदींचीं छायाचित्रें दुर्मिळ आहेत, आणि जीं आहेत त्यांतील बरींचशीं स्फोटानंतरच्या मोडतोडीचीं. सोन्याच्या विटांविषयीं वाटेल तितकें लिहिलेलें सांपडतें. पहिल्या क्रमांकाच्या धक्क्यामागील शेडीला दारें किती होतीं, हें शोधावयास गेलें तर दमछाक होते.

कांहीं छंदी माणसांना तो दिवसच मेजावर आणण्याचा मोह होतो: कापसाचा धूर, लाल दिवे, आडवीं पडलेलीं जहाजें. कारागिरीला आव्हान म्हणून तें समजूं शकतें. परंतु जेथें माणसें होरपळून मेलीं, तें ठिकाण कळ दाबून पेटणाऱ्या दिव्यांनीं दाखवावें, आणि पाहुण्यांसाठीं पुन्हा विझवून पुन्हा पेटवावें, हें बरें नव्हे. त्याहून त्या दुपारच्या आधींचें एखादें साल घ्यावें, समजा १९३८. तेव्हां विजेच्या तारा आहेत, डाकबोटी आहेत, कापसाची घाई आहे, आणि पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला कोणतेंही साधें मालवाहू जहाज लागलेलें आहे. पाहणाऱ्याला पुढचें ठाऊक असेल तर तो त्या शेडीपुढें क्षणभर अधिक थांबेल. ठाऊक नसेल तर वाघिणी मोजील. दोन्ही ठीकच.

घाई करण्याचें एक कारण मात्र आहे. १९८९ त पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें. पेट्यांतून, म्हणजे कंटेनरांतून, जाणारा माल तिकडे वळला, आणि शेडींच्या दारांत गांठी वाहणाऱ्या पाठींची गरज सरली. एकविसाव्या शतकांत प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भराव टाकून बुजविण्यांत आल्या. जेथें पाणी होतें तेथें आतां जमीन आहे. मापें घेण्यासाठीं परवाना मिळाला तरी मापावयाचें काय? राहिले आहेत ते कागद, आणि त्या रुळांवर काम केलेलीं कांहीं माणसें. कागद अभिलेखागारांत आणखी शंभर वर्षें राहतील. माणसांचें तसें नाहीं. शिवडीच्या वा परळच्या एखाद्या चाळींत निवृत्त सांधेवाला किंवा यारीवाला असेल, तर छंदी मनुष्यानें नकाशा काखेंत मारून आधीं त्याच्याकडे जावें. जातांना प्रश्न बारीक न्यावे. ‘गोदी कशी होती?’ असें विचारलें तर ‘फार मोठी’ एवढेंच उत्तर येतें. ‘शेडीच्या मागच्या रुळावर पाऊस पडला कीं वाघिणींवर काय टाकीत?’ असें विचारलें तर तास कसा गेला हें समजत नाहीं.

अशा माणसाकडूनच एक गोष्ट कळते, जी नकाशांत असूनही नजरेंतून निसटते: पाण्याची पातळी. अलेक्झांड्रा गोदीला दुहेरी दरवाजांचा जलपाश असल्यामुळें तींत जहाजें भरती-ओहोटी न पाहतां येत-जात. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांत मात्र जहाज आंत घ्यावयाचें तर भरतीची वाट पाहावी लागे. भरती आली कीं दरवाजे उघडत, ओसरूं लागली कीं मिटत. मुंबईस उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारें बारा फूट चढतें आणि तितकेंच उतरतें. मेजावर तें पावणेदोन-दोन इंच होतें. म्हणून व्हिक्टोरिया गोदीच्या दरवाजांतून जहाज आंत येत आहे असें दाखविलें, तर बाहेरचें पाणीही तितकेंच चढलेलें हवें, मचवे धक्क्याच्या कडेला भिडलेले हवेत, आणि भिंतीवरचा शेवाळाचा पट्टा पाण्याखालीं गेलेला हवा. दरवाजे मिटलेले दाखविले तर बाहेर पाणी खालीं, मचवे चिखलांत कलंडलेले, आणि भिंतीवर तो ओला हिरवा पट्टा दोन इंच उघडा. दादरच्या गृहस्थानें रंगाचा ब्रश हातांत घेण्यापूर्वी एवढें ठरवावें: भरती कीं ओहोटी. मग वेळापत्रक लिहावयास बसावें.